बारा माणसं, तीन दिवस आणि नुसतं गरम पाणी

१२ जानेवारी २०२६, सोमवार. खर्डा.

नगरला जाऊन आले. नोकरी नव्वद टक्के झाली.

संस्था : सह्यवेध निसर्ग शिबिर, सावेडी. पद : शिबिर सहायक. जागा एक, उमेदवार दोन. मी, आणि राजनंदिनी नावाची नगरचीच एक मुलगी. ती सगळ्यांशी हसून बोलत होती, त्यावरूनच ती गंभीर नाही हे कळलं.

मुलाखत हर्षल सरांनी घेतली. विचारलं, किल्ल्यांचा अनुभव? म्हटलं, खर्ड्याचा किल्ला, असंख्य वेळा. तो भुईकोट आहे, चढावा लागत नाही, हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मग विचारलं, ट्रेकिंगबद्दल काय वाटतं? मी खरं ते सांगितलं. शहरातली माणसं डोंगरातल्या गरीब गावांत जातात आणि तिथल्या बायांना चुलीपुढे बसवून भाकरी थापायला लावतात. हे शोषण आहे. आपलं अन्न आपण पाठीवर न्यावं. हल्ली डिहायड्रेटेड जेवण मिळतं. पाकिटात गरम पाणी ओतायचं, आठ मिनिटं थांबायचं, झालं. कुणावर भार नाही.

सर बराच वेळ पेन फिरवत होते. मग म्हणाले, वीस फेब्रुवारीला रतनगड ते हरिश्चंद्रगड आहे. तीन दिवस, आपण धरून बारा जण. जेवण पूर्ण तुझ्याकडे, प्रथमोपचार राजनंदिनीकडे. मग ठरवू.

ठरलेलंच आहे. राजनंदिनीसमोर तोंडावर सांगणं त्यांना बरं वाटलं नसणार.

आबा आणि आई दसऱ्यापासून श्रीगोंद्याकडे ऊस तोडतायत. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला त्या दिवशी मी त्यांना सांगितलं होतं, येता हंगाम तुमचा शेवटचा. पुढच्या हंगामाची नावं मुकादम फेब्रुवारीअखेर पक्की करतो. त्याच्या आत माझी ऑर्डर हातात पाहिजे. येईलच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत.

गोड बोलायचा दिवस. जमलं नाही.

पाकिटं निवडण्यासाठी शंभर गुणांची पद्धत तयार केली. वजन २५, उष्मांक २५, शिजायचा वेळ २०, मिठाचं प्रमाण १५, कचरा १५. चव ०. चव हा चोचला आहे.

नानीला (म्हणजे थोरल्या चुलतीला, आई-आबा नसताना घर तीच बघते) नीट समजावून सांगितलं. अन्न शिजवतात, त्यातलं पाणी काढतात, वजन कमी होतं, मग खाताना पाणी परत घालतात. नानी म्हणाली, काढायचंच हाय तर आधी घालतात कशाला? नंतर म्हणाली, नुसतं पानी वतलं की जेवन तयार, मग मी चाळीस वर्सं चुलीपुढं काय वाती वळीत हुते व्हय?

शिक्षणाचं महत्त्व अशा वेळी कळतं.

१७ जानेवारी, शनिवार.

आबांना फोन केला. नोकरी लागली म्हणून सांगितलं. "जवळजवळ" हा शब्द वापरणार होते, पण रेंज जात होती, उगाच शब्द कशाला वाढवा. आबा म्हणाले, लई झ्याक झालं बाय. आईला फोन द्या म्हटलं तर आई मोळ्या बांधत होती.

२० जानेवारी, मंगळवार.

कुरियरवाला खर्ड्यात येत नाही. जामखेडला या म्हणाला. मी म्हटलं, मी पत्ता खर्ड्याचा दिलाय. तो म्हणाला, ताई, पत्ता कुणीबी देतं. एसटीने गेले, आले, अर्धा दिवस. या देशात विज्ञान खेड्यापर्यंत का पोचत नाही याचं उत्तर मला आज मिळालं. ते जामखेडच्या स्टँडसमोर, दुसऱ्या मजल्यावर, गोणपाटावर पडलेलं असतं.

तीन कंपन्यांची सहा नमुना पाकिटं. उपमा, पोहे, डाळभात दोन, राजमाभात, व्हेज बिर्याणी. प्रत्येकावर बर्फाच्या शिखराचं चित्र आणि हसणारा गोरा माणूस. तो डाळभात खाऊन हसतोय यावर माझा विश्वास नाही. प्रत्येकावर "दोन व्यक्तींसाठी". कोणत्या दोन व्यक्ती? मी वजन केलं. त्यात आमच्या नानीचा एक घास होत नाही.

२२ जानेवारी, गुरुवार.

चाचणी क्र. १, उपमा. ८ मिनिटं झाकून ठेवायचा. दुसऱ्या मिनिटाला नानीने उघडून पाहिला. पाचव्या मिनिटाला परत उघडला, म्हणाली, अजून रुसलेलाच हाय. चाचणी बाद. पाकीट वाया.

चाचणी क्र. २, पोहे. दार लावून केली. १९ गुण. मीठ इतकं की समुद्रातून काढून थेट भरलेत. कंपनीला ईमेल पाठवला, कडक भाषेत.

२४ जानेवारी, शनिवार.

संताप. संताप. संताप.

मी ग्रामपंचायतीत रेंजला गेले होते. तेवढ्यात मुकादम सहादेव आला. बैल दाखवायला गावात आला होता, म्हणून सहज डोकावला. आल्यागेल्याला काहीतरी तोंडात घातल्याशिवाय सोडायचं नाही हा नानीचा नियम. घरात पोहे नव्हते. तिने माझं राजमाभाताचं पाकीट फाडलं, आणि गरम पाण्याऐवजी चहाचं आधण ओतलं, कारण ते तयार होतं.

मी आले तेव्हा सहादेव ताटली चाटून बसला होता. म्हणाला, वैनी, भात जरा शिळा हाय का? पर चालतंय. मग माझ्याकडे वळून, काय मॅडम, बापाचं नाव ऱ्हाऊ द्यायचं ना औंदा?

मी स्पष्ट सांगितलं, माझे आईवडील पुढच्या हंगामाला येणार नाहीत, मला नोकरी लागली आहे, आणि तुम्ही आत्ता जे खाल्लं तो एक वैज्ञानिक नमुना होता. तो हसला. म्हणाला, नोकरी लागली ते बरंच झालं, पर लागली का लागनार हाय? अशा माणसांना तपशील देऊ नयेत.

राजमाभात : चाचणी झाली नाही. तरी १२ गुण दिले, रागाने.

२७ जानेवारी, मंगळवार.

सगळ्या चाचण्या संपल्या. एकही पाकीट ४० च्या वर नाही. सर्वांत जास्त व्हेज बिर्याणी, ३१. तीही गाजराचे तुकडे शेवटपर्यंत खडूसारखे. पोहेवाल्या कंपनीचं ईमेलला उत्तर आलं : एक हसरा चेहरा आणि दहा टक्के सवलतीचं कूपन. बिर्याणीवाल्यांनाही ईमेल पाठवला होता, त्यांनी तर उत्तरही दिलं नाही, फक्त कूपन.

निर्णय : बाजारातलं काहीही घ्यायचं नाही. जेवण मी स्वतः वाळवणार. शेवटी प्रश्न फक्त पाण्याचा अंश काढण्याचा आहे. उन्हाला पदवी लागत नाही, आणि मला आहे.

१ फेब्रुवारी, रविवार.

भल्या पहाटे उठायचं ठरवलं होतं. नऊला उठले, कारण ऊन तसंही दहाशिवाय तापत नाही.

मुगाची खिचडी दोन मोठी पातेली, पिठलं एक. प्रश्न पसरायचं कशावर. नानीने तिची जुनी लुगडी द्यायला नकार दिला. म्हणाली, कुरडया-पापड माघात कुनी घालतं का, अन् शिजलेला भात तर कंदीच न्हाई, वाळलेला भात घरात दिसला तर पाव्हनं काय म्हनतील. शेवटी कडब्यावरचा फ्लेक्स काढला. हा तोच फ्लेक्स : मी पास झाले तेव्हा चौकात लावलेला. माझा हार घातलेला फोटो, "खर्डा गावची शान, घराण्यातील प्रथम पदवीधर". पंधरा दिवस चौकात होता, नंतर नानीने कडब्यावर घातला, पाऊस लागू नये म्हणून. गेले सहा-सात महिने मी या घरात कडबा राखायचं काम करतेय.

उलटी बाजू पांढरी आहे. घासून धुतली, वाळवली, तिच्यावर खिचडी पसरली. नानी उन्हात हात कपाळाला लावून बघत राहिली, म्हणाली, सत्ये, तुझ्या आईला फोन करू का गं?

५ फेब्रुवारी, गुरुवार.

चार दिवस काठी घेऊन बसले. चिमण्या, शेजारणीच्या कोंबड्या, आणि जाता-येता मूठ उचलून तोंडात टाकून बघणाऱ्या बाया. वाळवण दिसलं की चाखायचं, ही यांची रीत. चाखल्यावर सगळ्यांनी एकच गोष्ट केली, पदराने तोंड पुसलं. आमच्या गावात कौतुक करायची पद्धतच नाही.

पूर्ण वाळलं. एकूण चार किलो दोनशे ग्रॅम. बारा माणसांना कमी पडेल, अजून एक घाणा घालणार. खिचडीत गरम पाणी घालून चाचणी केली. आठ मिनिटांत झाली नाही. चाळीस मिनिटांत बरीच झाली. डोंगरात माणसं थकलेली असतात, चाळीस मिनिटं बसायला मिळालं तर बरंच.

गुण : ८८. मला पक्षपात आवडत नाही, म्हणून ८८ च दिले.

१० फेब्रुवारी, मंगळवार.

लिहवत नाही. तरी लिहिते, कारण पुरावा राहिला पाहिजे.

दुसरा घाणाही कालच पूर्ण वाळला. सगळा माल फ्लेक्सवर शेवटचं ऊन खात होता, सात किलोच्या वर. मी स्टोव्हचा गॅस आणि पाकिटं आणायला जामखेडला गेले. चारला परत आले तर फ्लेक्स झटकून कडब्यावर घातलेला. उलट बाजू आत, मी बाहेर, हार घालून हसतेय. खिचडी नाही. पिठलं नाही.

नानी शांतपणे म्हणाली, म्हशीला घातलं की.

शिळं, वाळलेलं, उरलेलं अन्न पाण्यात भिजवून म्हशीला आंबोण म्हणून घालायचं, हे आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. आणि कडब्याच्या फ्लेक्सवर जे असेल ते जनावराचं. नानीच्या डोक्यात शंकाच आली नाही. तिने दोन बादल्यांत सगळं कोमट पाण्यात भिजत घातलं, पाऊण तास ठेवलं आणि म्हशीपुढे सरकवलं. पद्धत अगदी बरोबर. माझं एवढ्या दिवसांत कुणी ऐकलं नाही, आणि ऐकलं ते असं.

मी ओरडले. खूप ओरडले. नानीही ओरडली. म्हणाली, मला वाटलं तुझं परेक्षन झालं, आता टाकलंस म्हनून. म्हणाली, तू सोता खाल्लंस का कंदी पोटभर? न्हाई ना? मग मी समजले जनावराचंच हाय. संध्याकाळी म्हशीने अर्धा लिटर दूध जास्त दिलं. नानी चरवी माझ्यापुढे धरून म्हणाली, बघ, गुन आला तुझ्या शिक्षनाचा.

रडले नाही. राग आला की डोळ्यांतून पाणी येतं, तो वेगळा प्रकार आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार.

नानीला वाईट वाटलंय. सकाळी म्हणाली, बारा मान्सांचं मी करून देते. बाजरीचे धपाटे, शेंगदान्याची चटनी, लसनाचा ठेचा, गूळ-शेंगा. तुझी माय जाताना न्हेती तसं. आठ दिस हूं की चूं करत न्हाई.

नकार दिला. तत्त्व आहे म्हणून नाही, धपाट्यात पाण्याचा अंश फार असतो म्हणून. तत्त्वही आहे.

नानी म्हणाली, बरं. आणि म्हशीला वैरण टाकायला गेली.

१२ फेब्रुवारी, गुरुवार.

शांत डोक्याने गुणपद्धतीचा फेरविचार केला. मूळ पद्धत फारच कडक होती, हे कुणाही तटस्थ माणसाला पटेल. मिठाचे गुण काढून टाकले (डोंगरात घाम येतो, मीठ लागतंच). कचऱ्याचे गुण काढले (कचरा आपणच परत आणणार). नवा निकष : "पाकीट सहज उपलब्ध असणे", ३० गुण.

व्हेज बिर्याणी आता ५८. बहात्तर पाकिटांची ऑर्डर दिली. सहा जेवणं, बारा माणसं. सहा प्रकार मागवले होते, पण त्यांच्याकडे साठा फक्त बिर्याणीचा. एकच प्रकार असला की निवडण्यात वेळ जात नाही.

कूपन वापरलं. रागाने वापरलं.

१८ फेब्रुवारी, बुधवार.

पार्सल आलं (जामखेडला). सॅक भरली. पंधरा किलो. आबांचा फोन आला, सांभाळून जा म्हणाले. आणि म्हणाले, मुकादम तुझ्या नोकरीचं इचारत हुता. म्हटलं, त्याला सांगा रविवारपर्यंत थांब, ऑर्डर घेऊनच फोन करते. आबा हूं म्हणाले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. रतनगडावर, गुहेत. सायंकाळी ६.

हा डोंगर उभा आहे. एवढा उभा असतो हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. शिडीवर माझी सॅक मला मागे ओढत होती. राजनंदिनी खालून हात लावत होती. मी सांगितलं, गरज नाही. तिने काढला. मग परत लाव म्हणून सांगावं लागलं.

दुपारचं जेवण. आकडेवारी नोंदवते. एका पाकिटाला पाव लिटर गरम पाणी, बारांना तीन लिटर. भांडं एक लिटरचं. वाऱ्यामुळे एका लिटरला उकळी यायला पंचवीस मिनिटं. पहिल्या चौघांचं खाऊन झालं, त्यांना परत भूक लागली, तेव्हा शेवटच्या चौघांचं पाणी चढलं. एकूण दोन तास. संगमनेरच्या कॉलेजची नऊ मुलंमुली आहेत, त्यातली एक म्हणाली, दीदी, हे गाजर आहे की सॅकचं बक्कल? बेशिस्त पिढी.

सकाळी खाली रतनवाडीत घराघरांतून भाकरीचा वास येत होता. मी सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, इथे कुणीही काही विकत घेऊन खायचं नाही, आपला भार यांच्यावर टाकायचा नाही. हर्षल सर बुटाची नाडी बांधत होते, बराच वेळ.

रात्रीच्या जेवणाला फक्त सात पाकिटं लागतील. पाच जणांना भूक नाही. चढण्याने भूक मरते, असं दिसतंय.

२१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी १.

काहीतरी विचित्र चाललंय. सकाळी नाश्त्याला पाकिटं काढली तर अकराच्या अकरा जण म्हणाले, आज शनिवार, मारुतीचा उपवास. हर्षल सरही. आजची पिढी इतकी देवभोळी असेल असं वाटलं नव्हतं. मी एकटीने बिर्याणी खाल्ली.

कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेतला उतरलो. तिथे सगळे दोन-दोन, तीन-तीन करून एका घरात हातपाय धुवायला गेले. अर्धा अर्धा तास धुतले. येताना चेहरे टवटवीत. राजनंदिनीच्या बाहीवर हिरवं काहीतरी लागलं होतं. ठेच्यासारखं. झाडपाला असेल. दुपारचीही बिर्याणी मी एकटीनेच खाल्ली. आता जीपने पाचनईला.

२१ फेब्रुवारी. हरिश्चंद्रगड. सायंकाळी ७.

देवळापलीकडे एक झोपडी आहे. ताडपत्री, चूल, बाकडं. कडूबाई नावाच्या बाईंची. आम्ही पोचलो तर बाई कमरेवर हात ठेवून उभ्याच. विचारलं, जेवनं नको म्हननारी कोन ती पोरगी? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी एकजूट दोन दिवसांत पहिल्यांदाच दिसली.

बाई म्हणाल्या, दर सालाला हर्षलदादा आठ दिस आधी सांगतो, इतकी पानं. त्या हिशेबानं मी पीठ खालनं आनते. औंदा म्हनला, न्हाई, बाई, आमी आमचं आननार. बरं. मी काय आनलंच न्हाई. अन् आज दुपारी ह्या पोरीचा फोन, मावशी, बारा पानं करा, लेकरं उपाशी हायती. मग धावत खाली गेले, पिठाचा डबा डोक्यावर घेऊन दोन तास चढले. माझी हाडं काय तुझ्या बापाची हायती व्हय?

ही पोरगी म्हणजे राजनंदिनी. कुमशेतहून फोन केला होता. माझ्या पाठीमागे!

मी संयमाने समजावलं, मावशी, तुमच्यावर भार पडू नये म्हणूनच मी हे केलं. त्यावर बाई अशा काही भडकल्या की चुलीतलं लाकूड हातातच राहिलं. म्हणाल्या, भार? कुनी सांगितलं तुला भार पडतो? शनवार-रव्वारच्या ह्या भाकरीवर माझ्या दोन पोरी राजूरला शिकत्यात. तू कुठली गं? म्हटलं, जामखेडकडची. आईबाप काय करतात? म्हटलं, ऊसतोड. बाईंनी हातातलं लाकूड चुलीत सारलं. मग हळू म्हणाल्या, उद्या कुनी येऊन तुझ्या आईच्या हातातला कोयता काढून घेतला, बाई तुला तरास हुतो म्हनून, अन् बदल्यात दिलं काहीच न्हाई, तर ती काय खाईल?

याला माझ्याकडे उत्तर होतं. म्हणजे असतं. आत्ता सुचलं नाही, म्हणून मी त्यांना डिहायड्रेशनची प्रक्रिया सांगितली. बाईंनी पाकीट हातात घेऊन फिरवून बघितलं, त्या गोऱ्या माणसाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ह्यो हसतोय कशाला?

अकरा जण जेवायला बसले. उपवास सुटला असावा. पिठलं, भाकरी, भात, कांदा. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं, पण सगळे मला ऐकू येईल असं खात होते. मी बाजूला दगडावर बसून स्टोव्ह लावला. गॅस संपला. थंड पाण्यात पाकीट फोडलं, पन्नास मिनिटं थांबले. गाजर जसंच्या तसं.

रात्री ८.१५. दोन भाकरी खाल्ल्या. केवळ तुलनात्मक चाचणी म्हणून. मागच्या बाजूला उभी राहून, म्हणजे निकालावर कुणाचा प्रभाव पडायला नको. कडूबाईंनी न विचारता तिसरी वाढली. पिठलं : १०० पैकी गुण द्यायचे राहिले, वही सॅकमध्ये होती.

२२ फेब्रुवारी, रविवार. संगमनेर स्टँड.

पन्नास पाकिटं उरली. उतरताना सगळी मीच वाहिली, कचरा डोंगरात टाकायचा नाही या तत्त्वावर मी ठाम आहे. सरांनी अर्धी घेऊ का विचारलं. नको म्हटलं. गुडघा गेला.

जीपमध्ये सर म्हणाले, सत्यशीला, मेहनत खूप घेतलीस. कळकळ आहे. पण तू बारा माणसांचा विचार केलास, त्या बाराजणांना एकदाही विचारलं नाहीस. कडूबाईंनाही नाही. जागा राजनंदिनीला देतोय. पुढच्या वर्षी परत अर्ज कर.

राजनंदिनी म्हणाली, सॉरी गं, पोरं खरंच उपाशी होती. आणि माझ्या गुडघ्याला पट्टी बांधायला लागली. बांधू दिली. अशा प्रसंगी मोठ्या मनाने वागावं लागतं.

सगळं आधीच ठरलेलं होतं. कट होता. निकष ओळखीचा. गुणपद्धतीच नव्हती! पदवी विचारली का? नाही. पदवीला विचारतं कोण. लिहिता लिहिता पेन फाटलं. म्हणजे कागद.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. खर्डा.

काल दिवसभर झोपले. नानीने दूध दिलं, हळद घालून. तेही रागाने प्याले.

आज आबांना फोन करायचा होता. आधी काय बोलायचं ते लिहून काढलं, मुद्देसूद, सात मुद्दे. पहिला : संस्थेचं धोरण चुकीचं. शेवटचा : फक्त या एका वर्षापुरतं नाव घाला, पुढच्या वर्षी नक्की. सातवा मुद्दा चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला.

दुपारी बाराला फोन लावला. आबा फडात होते, ऊस भरायचं चालू होतं. म्हटलं, आबा, मुकादमाला... आणि पुढचं तोंडातून निघेना. पहिला मुद्दाही आठवेना.

आबा म्हणाले, नाव ना? घातलं की.

म्हटलं, कधी?

म्हणाले, तू नोकरी लागली म्हनून फोन केलास बघ, त्याच दिशी. सांजच्याला मुकादमाला म्हटलं, दोन्ही नावं घाल.

मी म्हटलं, पण मी तर लागली म्हणून सांगितलं होतं!

आबा म्हणाले, व्हय. पर लई जोरात सांगत हुतीस गं बाय.

मागून आईचा आवाज आला, जेवली का इचारा. आबांनी विचारलं. जेवले म्हटलं.

मी जोरात बोलत नाही. मी ठामपणे बोलते.